गॅरेजची लाल दोरी

मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन आलेल्या आया आता आपल्या सांगलीसारख्या गावातही गल्लोगल्ली सापडतात. मी त्यातलीच एक. बॅगेत डिंकाचे लाडू आणि बाळंतशोपा, हातात सहा महिन्यांचा मुक्काम आणि मनात धाकधूक. परत आल्यावर भिशीतल्या मैत्रिणींनी विचारलं, "काय काय पाहिलंस गं?" गोल्डन गेटचा पूल पाहिला, मोठाले मॉल पाहिले. पण मला सांगावीशी वाटते ती मात्र गॅरेजच्या दाराची गोष्ट. ऐकून सगळ्या हसल्या. पुरतं ऐकल्यावर मात्र दोघी-तिघींनी घरी जाऊन आपापला इन्व्हर्टर आणि कुलपं तपासली.

तिकडे घराला पुढचं दार असतं, पण ते बहुतेक पाहुण्यांसाठी. घरची माणसं गॅरेजमधूनच ये-जा करतात. गाडी वळली की आतूनच बटण दाबायचं, दार आपोआप वर जातं, गाडी आत, दार खाली. हे दार आपल्या दुकानाच्या शटरसारखं गुंडाळत नाही. आडव्या फळ्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या असतात, त्या दोन्ही बाजूंच्या रुळांवरून वर सरकतात आणि छताखाली आडव्या होऊन बसतात. छताला टांगलेली एक मोटर हे सगळं करते. लेकीचं घर कॅलिफोर्नियातलं, जुनं. मोटरही आधीच्या मालकाने बसवलेली. रोज चालत होती, म्हणून कुणी तिच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

२०२४ चा ऑक्टोबर. जावई कामासाठी दुसऱ्या राज्यात गेलेले. नातू सात आठवड्यांचा. संध्याकाळी त्याचं अंग गरम लागलं. लेकीने ताप पाहिला, एकशे एकच्या वर. दवाखान्यात फोन केला तर नर्स म्हणाली, तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि एवढा ताप, सकाळची वाट पाहू नका, लगेच घेऊन या. आम्ही बाळाला गुंडाळलं, गाडीत बसलो, लेकीने बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. मग लक्षात आलं, की घरातले दिवेही गेलेत. सगळ्या गल्लीतच अंधार.

"आई, दार उघडत नाहीये!"

"अगं मग हाताने उचल ना."

"नाही उचलत. मोटरला अडकवलेलं असतं ते."

दोघींनी मिळून जोर लावला. दार जागचं हललं नाही. टॅक्सी बोलवायला गेलो तर पंचवीस मिनिटं दाखवत होती. बाळ किरकिरतंय, लेकीचे टाके अजून दुखतायत, आणि धडधाकट गाडी समोर उभी. मला २०१९ च्या ऑगस्टातला आपला महापूर आठवला. पाणी घरात शिरायच्या आधी आपण माणसं बाहेर काढली ती हाताने, दोराने, होडीने. इथे पाणी नाही, पाऊस नाही, आणि आम्ही दोन बायका एका दाराने अडवलेल्या.

शेवटी मी पुढच्या दाराने बाहेर पडले आणि शेजारचं दार वाजवलं. शेजारीण सत्तरीच्या पुढची, एकटी राहणारी. माझं मोडकंतोडकं इंग्रजी ऐकून ती टॉर्च घेऊनच आली. गॅरेजमध्ये शिरली, टॉर्च छताकडे वळवला आणि म्हणाली, "ती लाल दोरी दिसतेय का?" मोटरपासून दारापर्यंत जो लोखंडी पट्टा जातो, त्याच्यावरून एक लाल मुठीची दोरी लोंबकळत होती. दीड महिना मी रोज तिच्याखालून कपडे धुवायला जात होते, कारण वॉशिंग मशीनही गॅरेजमध्येच. मला वाटे, दिवा लावायची दोरी असेल. शेजारणीने दोरी खाली ओढली. खट्ट असा आवाज झाला. मग तिने आणि मी मिळून दार उचललं, तर ते सहज वर गेलं. माझा विश्वासच बसेना. मघाशी दोघींना न हललेलं दार!

बाळाला एक रात्र देखरेखीखाली ठेवलं. साधा विषाणूचा ताप निघाला. दुसऱ्या दिवशी घरी आलो. पण त्या दहा मिनिटांनी मला फार विचारात पाडलं. त्या घरात आम्ही तीन मोठी माणसं राहत होतो, दोघं इंजिनिअर, आणि दोरीचं काम एकालाही ठाऊक नव्हतं.

नंतर शेजारणीकडून आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाकडून मी हे यंत्र नीट समजून घेतलं. ज्यांची मुलंबाळं तिकडे आहेत त्यांच्या उपयोगाचं म्हणून सांगते. दार जड असतं. दोन गाड्यांचं दार सत्तर-ऐंशी किलोच्या पुढे सहज जातं. ते वजन मोटर उचलतच नाही. ते उचलतात दाराच्या वर किंवा बाजूला बसवलेल्या जाड स्प्रिंगा. मोटर फक्त ढकलते आणि ओढते. म्हणून स्प्रिंग ठीक असेल तर लाल दोरी ओढल्यावर बाईमाणसालाही दार उचलता येतं. दोरी ओढली की दार मोटरपासून सुटं होतं, एवढंच तिचं काम.

पण यात दोन गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत. दोरी ओढायची ती दार पूर्ण खाली असतानाच. दार वर अडकलेलं असेल आणि स्प्रिंग तुटलेली असेल, तर दोरी ओढताच ते सगळ्या वजनानिशी खाली कोसळू शकतं. आणि दुसरं, स्प्रिंगेला घरच्या माणसाने हात लावायचा नाही. ती पीळ देऊन किंवा ताणून बसवलेली असते, सुटली तर हात मोडेल, डोळा जाईल. स्प्रिंगेचं आयुष्य साधारण दहा हजार वेळा उघडझाप इतकं धरतात. दिवसातून चारदा दार वरखाली झालं तर सात वर्षांच्या आतच ते संपतं. एखाद्या सकाळी गॅरेजमधून मोठा आवाज येतो आणि दार उचलेनासं होतं, तेव्हा बहुधा स्प्रिंग गेलेली असते. तिथे माणूसच बोलवायचा.

घरी करण्यासारखंही बरंच आहे. दार खाली येता येता परत वर जात असेल, तर दोन्ही बाजूंना जमिनीपासून वीतभर उंचीच्या आत लावलेले दोन छोटे डोळे पाहायचे. एकातून न दिसणारा किरण निघतो, दुसरा तो पकडतो. मध्ये काही आलं की दार उलटं फिरतं. कोळ्याचं जाळं किंवा धूळ बसली, कुणाचा धक्का लागून डोळा वाकडा झाला, तरी यंत्राला वाटतं मध्ये कुणी आहे. मऊ फडक्याने पुसायचं, डोळे समोरासमोर आणायचे. रिमोट चालत नसेल पण भिंतीवरचं बटण चालत असेल, तर आधी रिमोटचा सेल बदलायचा. महिन्यातून एकदा दाराखाली लाकडाचा आडवा ठोकळा ठेवून दार खाली सोडून पाहायचं. ठोकळ्याला टेकताच ते उलटं वर गेलं पाहिजे. नाही गेलं तर वापर बंद करून माणूस बोलवायचा.

हे डोळे कंपन्यांनी कौतुकाने लावलेले नाहीत. आपोआप मिटणाऱ्या दारांखाली सापडून अमेरिकेत बरीच लहान मुलं दगावली, तेव्हा १९९० साली तिथल्या संसदेने कायदा केला आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या प्रत्येक घरगुती यंत्राला अडकण्यापासून बचावाची सोय सक्तीची झाली. म्हणजे त्या दोन छोट्या डोळ्यांमागे कितीतरी आयांचं रडणं आहे.

लाल दोरीच्या बाबतीतही तेच झालं. ८ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात वणवे पेटले. त्यातला टब्स नावाचा वणवा सांता रोझा शहरात शिरला. बावीस माणसं गेली, साडेपाच हजारांवर इमारती जळाल्या. वीज गेलेली, धूर भरलेला, आणि काही घरांत म्हातारी माणसं गाडीत बसून गॅरेजचं दार उघडण्याची वाट पाहत राहिली. दार उघडलंच नाही. कुणाला दोरी ठाऊक नव्हती, कुणाला दोरी ओढूनही दार उचलण्याएवढी ताकद नव्हती. त्या भागाचे सेनेटर बिल डॉड यांनी विधेयक आणलं, २०१८ मध्ये कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात विकल्या आणि बसवल्या जाणाऱ्या घरगुती गॅरेज यंत्राला बॅटरीची जोड सक्तीची झाली. वीज गेली तरी दार उघडलंच पाहिजे. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वणव्याच्या भीतीने वीज कंपनीने स्वतःहून लाखो लोकांची वीज बंद ठेवली होती. आपल्या लोडशेडिंगचीच आठवण!

मला या कायद्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. "लोकांनी दोरी ओढायला शिकावं" एवढं सांगून सरकार थांबलं नाही. घरात कोण असतं याचा विचार केला. अपघात, आग, पूर यांच्या वेळी घरात बहुतेकदा बायका, म्हातारी माणसं आणि मुलंच असतात. यंत्र त्यांच्या ताकदीत बसलं पाहिजे. पण कायद्याची मर्यादाही बघा. तो नव्या यंत्रांना लागू आहे. लेकीच्या घरचं यंत्र २०१९ च्या आधीचं, त्याला बॅटरी नव्हती, आणि ते तसंच चालू ठेवण्यात बेकायदा काही नव्हतं. शेजारीण म्हणाली, आगीनंतर आमच्या गल्लीतल्या जुन्या रहिवाशांनी एकमेकांच्या गॅरेजमध्ये जाऊन दोऱ्या ओढून पाहिल्या. नव्याने राहायला आलेल्यांना मात्र कुणी सांगितलं नाही.

गोष्ट इथे संपली नाही. वीज परत आली तेव्हा झटका बसला असावा, यंत्राच्या आतली पाटी जळाली. दुरुस्तीवाला आला, पाहून म्हणाला, मोटर अगदी उत्तम आहे, फक्त ही पाटी हवी, पण कंपनी ती आता बनवत नाही. अख्खं यंत्र बदला. कंपनीचं नाव घेत नाही, तो विषय नाही. पण मला आपल्या गावातला मिक्सरवाला आठवला. भांड्याचं पातं गेलं की पातं बदलतो, कार्बन घासले की कार्बन बदलतो, वीस वर्षांचा मिक्सर पुन्हा फिरू लागतो. तळहाताएवढ्या पाटीसाठी चांगली मोटर भंगारात जाताना पाहून जीव हळहळला.

वस्तू आपली, पैसे आपण मोजले, मग ती कशी वापरायची आणि कशी दुरुस्त करायची हे कोण ठरवणार? गंमत म्हणजे या प्रश्नावरचा एक गाजलेला खटला गॅरेजच्या दारावरूनच झालाय. चेंबरलेन ही तिथली मोठी कंपनी. स्कायलिंक नावाच्या दुसऱ्या कंपनीने तिच्या दारांना चालेल असा रिमोट बाजारात आणला. चेंबरलेनने कोर्टात धाव घेतली, की हे आमच्या संगणकीय कुलपाला बगल देणं आहे. ऑगस्ट २००४ मध्ये अपिलाच्या कोर्टाने निकाल स्कायलिंकच्या बाजूने दिला. ज्याने दाराचं यंत्र विकत घेतलं, त्याला ते वापरण्याचा हक्क आहे, असा त्याचा अर्थ. नंतर दारं मोबाइलवर आली, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात त्याच कंपनीने परवानगी नसलेल्या बाहेरच्या सॉफ्टवेअरना आपल्या मोबाइल यंत्रणेची दारं बंद केली. ज्यांनी सगळं घर एका सॉफ्टवेअरला जोडलं होतं, त्यांना आपलंच दार तिथून चालवता येईना. लेकीच्या घरचं यंत्र याहून निराळं, पण दुखणं एकाच जातीचं.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून दुरुस्तीच्या हक्काचा कायदा लागू झाला. त्यात येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि घरगुती उपकरणांची किंमत शंभर डॉलर किंवा जास्त असेल, तर ते मॉडेल बनणं बंद झाल्यापासून सात वर्षं सुटे भाग, अवजारं आणि दुरुस्तीची माहिती कंपनीने वाजवी दरात द्यायची. फ्रान्समध्ये तर २०२१ पासून काही वस्तूंवर दहापैकी गुण छापावे लागतात, की ही वस्तू दुरुस्त करायला किती सोपी.

आपल्याकडे काय? केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं घेतली. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू झालं. त्यावर कंपन्यांनी माहितीपुस्तिका, सुट्या भागांची आणि सर्व्हिस सेंटरची माहिती द्यावी ही कल्पना. २०२४ मध्ये दुरुस्तीचे गुण कसे द्यायचे यासाठी दुसरी समिती नेमली, तिने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. दिशा बरोबर आहे. पण पोर्टलवर माहिती टाकणं वेगळं आणि ठरावीक वर्षं सुटे भाग दिलेच पाहिजेत अशी सक्ती वेगळी. ग्राहक म्हणून आपण विचारत राहिलो तरच हे पुढे सरकेल. आणि विचारणार कोण? दुकानात किमतीची घासाघीस आपण करतो, पण यंत्र बसवायला आलेला माणूस सगळं समजावतो ते साहेबांना. साहेब कामावर जातात. यंत्र बंद पडतं ते दुपारी दोनला, आपल्यासमोर.

आपल्या गावात गॅरेजची अशी दारं नाहीत, पण मोटरची शटरं आलीत, बंगल्यांना सरकती फाटकं आलीत, अपार्टमेंटला लिफ्ट आणि दाराला बोटाने उघडणारी कुलपं आलीत. यातल्या बहुतेकांना आपली लाल दोरी असते. मोटरच्या शटरला हाताने फिरवायची साखळी किंवा हँडल असतं. बोटाच्या कुलपाला बऱ्याचदा साधी किल्ली असते, नाहीतर बाहेरून बॅटरी जोडायची सोय असते. ती किल्ली घराच्या आतच ठेवली, तर तिचा उपयोग काय? पुढून दार असलेलं वॉशिंग मशीन पाण्यासकट बंद पडलं, तर बऱ्याच मशीनना खाली छोट्या झाकणामागे पाणी काढायची नळी असते. लिफ्ट अडकली तर मात्र दार जोराने उघडायचं नाही, घंटी वाजवायची आणि माणसाची वाट पाहायची. कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, दोन्ही ठाऊक हवं.

म्हणून नवं यंत्र घरात येईल तेव्हा बसवणाऱ्याला चहा देऊन आत जाऊ नका, तिथेच उभ्या राहा. वीज गेल्यावर हे कसं चालतं, हे त्याच्याकडून करून दाखवून घ्या, मग त्याच्यासमोर एकदा स्वतः करून पाहा. सासूबाईंना जमतंय का तेही पाहा. दुकानात विचारा, याचे सुटे भाग किती वर्षं मिळतील आणि गावात कोण दुरुस्त करतं. उत्तर बिलावर लिहून मागा. टाळाटाळ झाली, वॉरंटीत असून दाद लागली नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे तक्रार करा.

लेकीकडे शेवटी नवं यंत्र बसलं, बॅटरीचं. माणूस जायला निघाला तेव्हा लेकीने त्याला थांबवलं, मेन स्विच बंद केला आणि सांगितलं, आता उघडून दाखव. बॅटरीवर दार उघडलं. मग दार खाली घेऊन तिने लाल दोरी ओढली आणि ते स्वतः उचललं. नंतर जावयांना उचलायला लावलं. शेवटी मी. माझ्या हाताने वर गेलं तेव्हा कुठे तिने त्या माणसाच्या कागदावर सही केली.